दुपारी मुका होणारा फोन

साधना: परत लावा शेठ. आणि या वेळी बोलू नका, नुसतं ऐका.

फतेचंद: ऐकतोय की. पण ऐकायचं काय? काही वाजतच न्हाई.

साधना: तेच तर ऐकायचंय. मोडेम लागताना आधी फोनसारखा लांब सूर येतो. मग नंबर फिरतो, मग ते किंचाळणं. आत्ता पहिला सूरच येत नाही. बघा, आली पाटी. डायल टोन नाही म्हणतोय.

फतेचंद: ही पाटी आता पाठ झाली मला. इंग्रजी येत न्हाई, पण हिचं तोंड वळखतो. आषाढाच्या पुनवेपासून रोज दुपारी हीच.

साधना: मागच्या आठवड्यात मी क्लास सुटल्यावर आले, तेव्हा पहिल्या झटक्यात लागला की. मला वाटलं, शेठना चहा पाजायचा होता म्हणून बोलावलं.

फतेचंद: अन् चहा पिऊन गेलीसही. दुसऱ्या दिवशी दुपारी बसलो तर परत मुका. लाइनमनला निरोप धाडला. तो आला सकाळी, खांबावर चढला, उतरला अन् म्हणाला, शेठ, लाइन ठणठणीत हाये, तुमचा काम्प्युटरच फिरलाय. काम्प्युटरवाली म्हणती, लाइनमधी खोट हाये. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं झालंय माझं.

साधना: आज बिघाड माझ्यासमोर झालाय ना, मग आज सापडणार. आधी सांगा, मोडेमच्या वायरी कोणी हलवल्या होत्या का?

फतेचंद: मी पुसतो रोज. फडक्यानं.

साधना: मोडेम पुसता?

फतेचंद: भांड्याचं दुकान हाये पोरी. हिथं जे दिसंल ते पुसायची सवय.

साधना: बरं. ही मोडेमची वायर काढली. तीच आता सरळ तुमच्या फोनमध्ये घालते. म्हणजे मध्ये ना कॉम्प्युटर, ना मोडेम. घ्या, कानाला लावा.

फतेचंद: मुका. पार मेल्यासारखा.

साधना: मग तुमचा कॉम्प्युटर फिरलेला नाही. लाइनमनला जाऊन सांगा. फोनच मुका आहे.

फतेचंद: मंग माझंच खरं. दुपारी एक्स्चेंज जेवून झोपतं.

साधना: शेजारचा मेडिकलवाला आत्ता फोनवर बोलत होता. येताना बघितलं मी. झोपायचं तर एक्स्चेंज सगळ्यांसाठीच झोपेल, एकट्या फतेचंद शेठसाठी नाही. पण मला एक सांगा, तुम्ही दुपारीच का लावता? सकाळी लावा, संध्याकाळी लावा.

फतेचंद: सकाळी अन् संध्याकाळी गिऱ्हाईक असतं. लग्नाच्या भांड्याचे फोन येतात. दुपारी शटर अर्धं खाली केलं की निवांत.

साधना: आजचा एक दिवस संध्याकाळी लावा मग. त्या गणिताच्या पाकिटाची मुदत आजचीच आहे, तुम्हीच म्हणालात.

फतेचंद: रिद्धीनं रविवारी बंगळुरातून फोन करून बजावलंय. पपा, मुदतीच्या दिवशी संध्याकाळपातूर हे पाकीट गेलं न्हाई तर वाया जाईल. आपलं मशीन जुनं, हळू चालतं. तीन आठवडे रात्रंदिवस राबून त्यानं ते गणित सोडवलं. अन् आता उंबऱ्यात अडकलंय.

साधना: म्हणून तर म्हणते, संध्याकाळी लावा.

फतेचंद: संध्याकाळी न्हाई जमायचं.

साधना: का?

फतेचंद: संध्याकाळी ही बाहेर येऊन गल्ल्यावर बसते. तुझी काकू.

साधना: मग बसू दे की. काकू काय मोडेमला चावणार आहेत?

फतेचंद: तिला ह्यातलं काही ठावं न्हाई.

साधना: कशातलं? कॉम्प्युटर तर समोरच आहे.

फतेचंद: काम्प्युटर ठावा हाये. बिलासाठी घेतला एवढं ठावं हाये. आत काय चालतं ते न्हाई सांगितलं.

साधना: शेठ, तुम्ही काही भलतंसलतं तर बघत नाही ना?

फतेचंद: ए पोरी. माझं वय बघ अन् बोल.

साधना: तसं नव्हे, पण चोरून करण्यासारखं त्यात काय आहे? रिद्धीताईंनी दिवाळीत हे बसवलं तेव्हा मीच मदतीला होते. औषधासाठीचं मोठं गणित आहे, एका यंत्राला झेपत नाही, म्हणून जगभर लोकांच्या कॉम्प्युटरांना तुकडे वाटून दिलेत. फुकटची सेवा. उलट सांगायची गोष्ट आहे ही.

फतेचंद: त्या पाकिटावर नाव काय हाये, वाच.

साधना: पिंटू घोडेगाव. नाव आणि पुढं आपलं गाव. हो, मी तेव्हाच विचारणार होते. पिंटू कोण? नातू का?

फतेचंद: नातू न्हाई. पोरगा. धाकटा.

साधना: मी कधी बघितला नाही.

फतेचंद: तू कुठून बघशील. तू डोंगरावरून शिकायला खाली आलीस त्याच्या आधीच गेला. रक्ताचा आजार व्हता. पुण्याला दवाखान्यात व्हता तीन महिने. हे जे गणित चाललंय ना, ते त्याच आजाराच्या औषधाचं. रिद्धीनं शोधून काढलं. म्हणाली, पपा, पाकिटावर कुणाचंही नाव घालता येतं. मी म्हटलं, मंग विचारती कशाला? आपल्या दुकानात भांडं घेतलं की नाव फुकट घालून देतो आपण. घाल त्याचं.

साधना: मला माफ करा शेठ. मी आपलं काहीतरी बोलले.

फतेचंद: तुला काय ठाऊक. तवापासून रोज दुपारी लावतो. पाकिटं धाडणाऱ्यांची यादी येती, त्यात जगातली नावं असतात. अमेरिका, जपान, काय काय. त्यात आपलं पिंटू घोडेगाव. मला तेवढंच वाचता येतं. ते दिसलं की बरं वाटतं, अन् मी बंद करतो.

साधना: आणि काकूंना सांगितलं नाही.

फतेचंद: तो गेल्यापासून तिनं त्याला पिंटू म्हणून हाक मारलेली मी ऐकली न्हाई. 'तो' म्हणते. तिच्यापुढं हे कसं काढू? खपली निघायची. दुपारी ती जेवून आत पडायची, तेवढ्यात मी माझं उरकायचो. पाकीट गेलं की बंद, अन् ती चहाला उठायच्या आत पडद्यावर बिलं.

साधना: बरं. मग आजचं पाकीट आत्ताच घालवू. फोन मुका आहे, वायर ठीक आहे. म्हणजे बिघाड भिंतीत किंवा भिंतीबाहेर. ते स्टूल द्या. वरच्या डबीपासून बघत येते.

फतेचंद: सांभाळून. खाली कळश्या मांडल्यात.

साधना: कळश्या बघितल्या. माझ्या आजीचा हंडा तुमच्याच दुकानातला. 'चिमाबाई सावळेराम, आहुपे' असं नाव आहे त्यावर. आम्ही पोरं त्यावर अक्षरं गिरवायचो.

फतेचंद: मंग ते माझ्या हातचं नसंल. माझ्या हातची अक्षरं बघून पोरं शाळा सोडतील. नाव घालायचं काम तुझ्या काकूचं. वळणदार हात हाये तिचा.

साधना: शेठ, इथं डबीत दोन जोड निघालेत. एक खाली तुमच्या फोनला आला. दुसरा आत कुठं गेलाय?

फतेचंद: तो व्हय. तो आतल्या खोलीत. मागं तिचे गुडघे धरले व्हते, तवा रिद्धीनं तिच्यासाठी आत एक फोन बसवून दिला. बाहेर यायला नको म्हणून.

साधना: एकाच लाइनवर दोन फोन आहेत, आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?

फतेचंद: तो कोण वापरतंय? ती फोनवर बोलतच न्हाई. धूळ खात पडलाय.

साधना: तुमच्या घरात धूळ खात काही पडत नाही, मोडेमसुद्धा. अहो, एका लाइनवर दोन फोन असले आणि त्यातल्या एकाचा रिसीव्हर नीट बसला नसला, की दोन्ही मुके. मी जाऊन बघून येते.

फतेचंद: थांब. आत जाऊ नको.

साधना: काकू झोपल्यात? मी पाय न वाजवता जाते.

फतेचंद: झोपलेली न्हाई. सामायिकाला बसलीय, आमचं ते घडीभराचं ध्यान. तोंडाला मुहपत्ती बांधून, आसनावर. समोर पाऊण तासाची वाळूची घडी ठेवलेली असती. ती वाळू संपेपातूर ती कशाला हात लावायची न्हाई, संसाराचं बोलायची न्हाई, उठायची न्हाई. आपण तिथं फोनशी खुडबुड केली तर ती काही म्हणणार न्हाई, पण तिचं मन मोडंल.

साधना: ठीक आहे, नाही जात. आमच्या देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. का, म्हणून कुणी विचारत नाही. नेम तो नेम. पण शेठ, आत्ताच तर म्हणालात की काकू दुपारी झोपतात.

फतेचंद: झोपायची. आता झोप सोडलीय. पहाटेचं सामायिक तर तिचं कायमचं हाये. चातुर्मासाला महासतीजी आल्या, आमच्या साध्वी, त्यांच्यापुढं तिनं दुपारचंही धरलं.

साधना: चातुर्मास कधी लागला?

फतेचंद: पुनवेला. दरवर्षी तवाच लाग... हां.

साधना: हां.

फतेचंद: अगं पण तिचा काय संबंध? सामायिकात बसलेली बाई फोनला हात कसा लावंल? ती विजेच्या बटणाला हात लावत न्हाई.

साधना: ते मला नाही माहीत. मी एवढंच करते, इथं वरच आतला जोड सैल करते. आतला फोन सुटला की खालचा बोलायला लागेल. तुम्ही रिसीव्हर कानाला धरून उभे रहा. पेचकस कुठं ठेवला मी?

फतेचंद: हा घे.

साधना: धरलाय ना कानाला?

फतेचंद: धरलाय. काही न्हाई. काही न्हाई. आला. आला की. लांब सूर आला. वा रे पोरी, काय केलंस?

साधना: मी काहीच केलं नाही. पेचकस अजून टेकवलासुद्धा नाही.

सुमतीबाई: अहो, कुणाच्या नावानं एवढं वा वा चाललंय? आणि ही पोर स्टुलावर का चढलीय? साधना, उतर बाई खाली, कळशीवर पाय पडेल.

साधना: उतरते काकू. काकू, एक विचारू? तुम्ही आत्ता आतल्या फोनला हात लावलात का?

सुमतीबाई: हो. घडी संपली, रिसीव्हर जागेवर ठेवला.

फतेचंद: जागेवर ठेवला म्हंजे? आधी कुठं व्हता?

सुमतीबाई: खाली. बसायच्या आधी मी तो काढून बाजूला ठेवते. उठले की परत ठेवते.

फतेचंद: अगं, मी लाइनमनला बोलावला. एक्स्चेंजला शिव्या घातल्या. हिला क्लास बुडवून आणली. अन् तू आत बसून रिसीव्हर काढून ठेवतेस?

सुमतीबाई: पहाटेही ठेवते. तेव्हा तुम्हाला कधी अडचण झाली नाही.

फतेचंद: पहाटे मला कोण फोन करतंय. पण का ठेवतेस?

सुमतीबाई: वाजू नये म्हणून.

फतेचंद: वाजला तर मी उचलीन की. रोज कोण उचलतं?

सुमतीबाई: त्या दिवशीही तुम्हीच उचललात.

साधना: काकू, मी जरा बाहेर थांबते.

सुमतीबाई: थांब इथंच. तुझ्यापासून लपवण्यासारखं काही नाही. आदल्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यातून घरी आलो होतो. डॉक्टर म्हणाले होते, बरा आहे, चार दिवसांत घरी न्या. रिद्धी त्याच्याजवळ थांबली. पहाटे मी सामायिकाला बसले होते. दुकानात फोन वाजला. यांनी उचलला. हॅलो म्हणाले आणि मग यांचा आवाजच येईना. फोनवर यांचा आवाज वेशीपर्यंत जातो, तुला माहीतच आहे. मला कळलं. वाळू अजून निम्मी वर होती.

फतेचंद: तुला तवाच कळलं व्हतं?

सुमतीबाई: तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. आत आला नाहीत, काही बोलला नाहीत. मी मान वर केली नाही, पण तुमच्या पायांची सावली आसनापर्यंत आली होती. वाळू संपेपर्यंत तुम्ही तिथं उभे होतात.

फतेचंद: मला वाटलं तुला काही ठावं न्हाई. मी म्हटलं, तेवढी वाळू पडेपातूर तरी हिचा पोरगा हाये. मंग सांगू.

सुमतीबाई: मीही तेच म्हटलं. म्हणून उठले नाही.

फतेचंद: एवढी वर्षं झाली, कधी बोलली न्हाईस.

सुमतीबाई: तुम्ही तरी कुठं बोललात? आणि त्यानंतर फोन वाजला की माझा जीव गोळा होतो, पण तो इतर वेळी सोसतो. सामायिकात नाही सोसत. म्हणून काढून ठेवते. झालं. आता मला सांगा, लाइनमन, एक्स्चेंज, साधना, एवढं सगळं कशासाठी? बिलाला फोन लागत नाही, एवढं कळतं मला.

फतेचंद: ते आपलं, कंपनीचं एक काम व्हतं.

सुमतीबाई: साधना, काय आहे गं?

साधना: काकू, ते शेठच सांगतील.

सुमतीबाई: सरका जरा. पी, आय, एन, टी, यू. एवढं इंग्रजी येतं मला. त्याच्या शाळेच्या डब्यावर मीच घातलं होतं. इंग्रजीतच हवं म्हणून हटून बसला होता. हे इथं कुणी घातलं?

फतेचंद: रिद्धीनं. माझ्या सांगण्यावरून. तू रागावू नको.

सुमतीबाई: मी विचारते आहे, रागावत नाहीये. हे काय आहे?

फतेचंद: साधना, तूच सांग. माझ्यानं न्हाई व्हायचं.

साधना: काकू, आमच्या गावाला सप्ता असला की सगळ्या गावच्या भाकरी एका चुलीवर होत नाहीत. मग पीठ घरोघरी वाटतात. ज्याच्या-त्याच्या चुलीवर भाजतात आणि टोपल्या देवळात आणून देतात. हे तसंच आहे. त्या आजाराच्या औषधासाठी लई मोठं गणित करायचंय. एका जागी होत नाही, म्हणून जगभर थोडं थोडं वाटलंय. तुमच्या वाट्याचं या मशीननं केलं. आता टोपली पोचवायची, ती फोनवरून जाते.

सुमतीबाई: आणि टोपलीवर त्याचं नाव आहे.

साधना: हो.

सुमतीबाई: आज एवढी घाई कशाची?

साधना: टोपली वेळेत आली नाही तर दुसऱ्या घरी पीठ देतात ना, तसं. आज संध्याकाळपर्यंत गेली पाहिजे, नाहीतर हे केलेलं धरत नाहीत.

सुमतीबाई: एक सांग. औषध शोधायचं म्हणजे त्यात कुठला जीव मारतात का? ससे, उंदीर?

फतेचंद: मी तेच आधी विचारलं व्हतं रिद्धीला. न्हाई. आपल्याकडं चालतं ते नुसतं गणित.

साधना: नुसते आकडे, काकू. खरंच.

सुमतीबाई: मग उभे काय राहिलात दोघं? लावा. संध्याकाळ व्हायची वाट बघताय का?

साधना: वायर परत मोडेमला जोडते. हां. शेठ, दाबा आता.

फतेचंद: पोरी, तू दाब.

सुमतीबाई: तुम्हीच दाबा.

फतेचंद: दाबलं. ऐक, हा सूर आला. आता नंबर फिरतोय. आता ते किंचाळंल, भिऊ नको.

सुमतीबाई: अगंबाई. हे काय, मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखं?

साधना: लागला काकू. ते दोन मशीन एकमेकांशी बोलताना तसंच ओरडतात, मग शांत होतात. बघा, ही पट्टी भरत चाललीय. तेवढं आपलं गणित गेलं.

फतेचंद: अर्धी भरली. पाऊण. चल रे बाबा.

साधना: गेलं.

फतेचंद: गेलं?

साधना: पोचलं. आणि नवं पाकीट उतरतंय. हे बघा काकू, ही यादी. इथं, या ओळीत.

सुमतीबाई: दिसलं मला. माझ्याहून चांगलं अक्षर काढलंय यंत्रानं. अहो, डोळे पुसा, पोर बघतेय.

फतेचंद: बघू दे. मी तुला सांगायला पायजे व्हतं. मला वाटलं, नाव काढलं की तुला त्रास.

सुमतीबाई: मला वाटायचं, तुम्हाला त्रास. म्हणून मी नाव घेत नव्हते. अरिहंत म्हणून तर रोज नवकार मंत्रात येतोच तो, ते त्याचं शाळेतलं नाव. पण पिंटू म्हणायला या घरात तुमच्याशिवाय दुसरं होतं कोण? रिद्धी बंगळुरात. आणि तुम्ही असे गप्प.

फतेचंद: अन् मी इथं पाच हातांवर बसून रोज त्याचं नाव शोधत व्हतो.

सुमतीबाई: दुपारची झोप का सोडली, विचारलं नाहीत तुम्ही.

फतेचंद: महासतीजींपुढं नेम घेतलास, एवढंच मला ठावं.

सुमतीबाई: दुपारी डोळा लागला की तो दिसायचा. चांगला धडधाकट. डबा दे म्हणायचा. आणि जागी झाले की नसायचा. रोज नव्यानं जायचा तो. म्हणून म्हटलं, झोपच नको.

फतेचंद: अगं.

साधना: काकू, मी आतला फोन काढून टाकू का कायमचा? मग ना तुमची अडचण, ना शेठची.

सुमतीबाई: त्यानं दुकानातला वाजायचा थांबेल का?

साधना: नाही. तो वाजेल.

सुमतीबाई: मग काय उपयोग. मला दुकानातलाच ऐकू येतो. मला एक सांग, आत्ता हे लागलेलं आहे ना?

साधना: हो, चालू आहे.

सुमतीबाई: आत्ता कुणी बाहेरून फोन केला तर?

साधना: लागणार नाही. लाइन गुंतलेली. करणाऱ्याला एंगेज येईल.

सुमतीबाई: इथं वाजणार नाही?

साधना: न... नाही काकू. हे लागलेलं असेपर्यंत एकही फोन वाजणार नाही. फक्त आतला रिसीव्हर उचलायचा नाही. उचलला की हे तुटतं.

सुमतीबाई: सामायिकात माझा हात कशाला लागत नाही. मग झालं तर. मी बसले की यांनी हे लावायचं. यांचंही होईल, माझंही.

फतेचंद: पाकीट तर चार-पाच मिनिटांत जातं. अन् तेही रोज नसतं. उरलेला वेळ नुसतं लावून ठेवायचं?

सुमतीबाई: ठेवा.

फतेचंद: फोनचं बिल येईल तेव्हा मला सांगू नको.

सुमतीबाई: येऊ दे. भांड्यावर नाव फुकट घालतोच की आपण.

साधना: पण काकू, तुमच्या नेमात बसेल ना हे? म्हणजे, तुम्ही बसलेल्या आणि इथं विजेचं मशीन तुमच्यासाठी चालू.

सुमतीबाई: चांगलं विचारलंस. सामायिक घेताना मी म्हणते, स्वतः करणार नाही आणि दुसऱ्याकडून करवणार नाही. म्हणून घडी उलटी केल्यावर मी यांना लावा म्हणणार नाही. त्याआधी सांगेन. साधू-साध्वींना तिसरंही बंद असतं, दुसऱ्यानं केलेल्याचं मनात बरंही वाटून घ्यायचं नाही. आम्ही संसारी माणसं. आम्हाला तेवढी सूट आहे.

फतेचंद: हे मला कधी कुणी सांगितलं न्हाई.

सुमतीबाई: व्याख्यानाला पुढं बसून पेंगता, त्याला मी काय करू. साधना, हात धू. चहा टाकते. या वेळी बिघाड शोधल्याचा चहा आहे, नुसता नाही.

साधना: शोधला कुठं काकू. तुम्ही रिसीव्हर ठेवला म्हणून सापडला. मी नुसती स्टुलावर उभी होते.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. दुकानाचं शटर अर्धं खाली आहे.)

फतेचंद: जेवलीस का नीट?

सुमतीबाई: जेवले. आसन घातलंय. तुम्ही काय करताय?

फतेचंद: काही न्हाई, कळश्या पुसतोय. सकाळी रिद्धीचा फोन आला व्हता. तिनं यादीत बघितलं. पाकीट वेळेत पोचलं म्हणून रडत व्हती येडी. मी म्हटलं, तुझ्या मम्मीनं स्वतः नाव वाचलं. तर अजूनच रडाया लागली.

सुमतीबाई: रात्री बोलेन मी तिच्याशी.

फतेचंद: तू? फोनवर?

सुमतीबाई: हो. का? आतला फोन माझ्यासाठीच आहे ना?

फतेचंद: हाये की. बोल. पोट भरून बोल. नव्या पाकिटाला मात्र अजून लई दिवस लागतील. आज पाठवायला काहीच न्हाई.

सुमतीबाई: मग?

फतेचंद: मग, लावून काय करायचं? यादीतलं नाव कालचंच दिसणार.

सुमतीबाई: रिसीव्हर मी जागेवर ठेवलाय. आता घडी उलटी करायची बाकी आहे. एकदा केली की मला काही सांगता येणार नाही.

फतेचंद: ठाऊक हाये. काल शिकवलंस.

सुमतीबाई: म्हणून आत्ताच सांगते.

फतेचंद: काय?

सुमतीबाई: पिंटूला लावा.